पहिलीतल्या मुलीला जलचक्र कसं समजावू? तिच्या तीन प्रश्नांवर अडकलेय

धायरीची_आई

नमस्कार. माझी मुलगी पहिलीत आहे, नुकतीच सहा पूर्ण झाली. शाळेतून जलचक्राचा चार्ट करून आणायला सांगितला होता, ते नेहमीचंच चित्र, डावीकडे समुद्र, वर सूर्य, वर जाणारे बाण, मग ढग, डोंगरावर पाऊस, नदी, आणि नदी परत समुद्रात. कार्डशीट आणली, कापूस चिकटवून ढग केला, निळ्या खडूची अर्धी कांडी बाणांमध्येच संपली. सगळं छान चाललं होतं आणि मग तिने विचारायला सुरुवात केली.

पहिला प्रश्न, समुद्र तर आजोळी अलिबागला आहे, मग पुण्यातल्या ढगात पाणी कुठून येतं? दुसरा, ढगात पाणी असतं तर ते तिथे वर राहतं कसं, आणि पाऊस पडताना ढगाला खालून भोक पडतं का? हे दोन मी कसेतरी निभावले. पण तिसऱ्यावर मी गप्पच झाले. ती म्हणाली, आई, पाणी गोल गोल फिरून परत येतं ना, मग दात घासताना नळ बंद कर असं रोज का म्हणतेस?

मला तिला काहीतरी सांगून गप्प बसवायचं नाहीये. आमच्या घरात जानेवारी उजाडला की टँकर कधी येणार याचीच चर्चा असते, ती ते ऐकत असते, त्यामुळे तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे असं मला वाटतं. तिला कळेल अशा भाषेत आणि खोटं न सांगता हे कसं सांगायचं? कोणी लहान मुलांना शिकवलं असेल तर प्लीज सांगा.

खडू_फळा

ताई, मुलगी गोड आहे तुमची. मी चोवीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, आता रिटायर झाले, कर्वेनगरला असते. तिसरा प्रश्न सध्या बाजूला ठेवा, त्याचं उत्तर तिला पहिले दोन नीट कळले की मिळेल.

माझा अनुभव असा की चार्टपासून सुरुवात केली की मुलांना बाण पाठ होतात पण पाणी दिसत नाही. चित्रातल्या बाणाच्या जागी हवेत खरं काय असतं हे त्यांना कळतच नाही, कारण तिथे डोळ्याला काहीच दिसत नाही. म्हणून आधी हवेत पाणी असतं एवढी एकच गोष्ट पटवा, बाकी सगळं नंतर.

त्यासाठी एक काचेचा ग्लास घ्या, स्टीलचा नको, आणि त्यात कोकम सरबत करून भरपूर बर्फ टाका. सध्या पावसाळी हवा आहे त्यामुळे पाच मिनिटांत ग्लास बाहेरून ओला होईल. मग तिला विचारा हे पाणी कुठून आलं. माझ्या वर्गात दरवर्षी दहातली आठ मुलं म्हणायची की ग्लासातून पाझरलं, आणि ते चुकीचं आहे असं लगेच सांगायचं नाही, पांढरा रुमाल हातात द्यायचा आणि म्हणायचं, पूस बघू. रुमालाला लाल डाग पडत नाही. मग बोट लावून चाटायला सांगायचं, आंबट लागत नाही. तिथे मुलं जी थांबतात ना, ते बघण्यासारखं असतं. सरबत आतून आलं नाही, वरून कोणी पाणी ओतलं नाही, मग राहिली काय, हवा. हे वाक्य त्यांनी स्वतः म्हणेपर्यंत आपण गप्प बसायचं, हेच सगळ्यात अवघड असतं.

मग दुसऱ्या दिवशी उलटी बाजू दाखवायची. पाऊस थांबला की पार्किंगमध्ये किंवा टेरेसवर जे डबकं साचतं त्याच्या कडेने खडूने रेघ मारा, दोन तासांनी परत रेघ मारा, संध्याकाळी परत. रेघांच्या आत रेघा होतात आणि मधे डबकं लहान होत जातं. फरशीवरचं डबकं घ्या, मातीतलं नको, नाहीतर ते जमिनीत मुरलं म्हणतील आणि ते बरोबरच असेल. कुणी उकळलं नाही तरी पाणी हवेत जातं हे इथे कळतं, कारण मुलांना वाफ म्हटलं की फक्त गॅसवरचं पातेलं आठवतं.

आणि तिसरं मिठाचं. एका ताटलीत थोडं पाणी, त्यात चमचाभर मीठ विरघळवून गॅलरीत पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा. या दिवसांत तीन-चार दिवस लागतील पण घाई करू नका. पाणी जातं आणि मीठ ताटलीत राहतं. समुद्राचं पाणी वर जातं तरी पाऊस खारट का नसतो, हे एका ताटलीत सांगून होतं. अलिबागला जाताना पेणच्या बाजूला मिठागरं दिसतात ती पण दाखवा, ही त्याचीच मोठी ताटली.

बाष्पीभवन, सांद्रीभवन हे शब्द पहिल्या आठवड्यात काढूच नका. पाणी हवेत गेलं, पाणी हवेतून परत आलं, एवढं पुरे.

ढगाळ_हवा

बाईंनी सांगितलेलं फार छान आहे. मी हवामानशास्त्र शिकलेय, पाषाणला राहते, त्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपण सगळेच मुलांना सांगतो की चहाच्या पातेल्यातून निघतो तो पांढरा धूर म्हणजे वाफ. ती वाफ नाही. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. किटली उकळत असेल तर लांबून नीट बघा, तोटीच्या अगदी तोंडाशी एक-दोन सेंटीमीटर काहीच दिसत नाही आणि त्याच्या पुढे पांढरं सुरू होतं. ते पांढरं म्हणजे वाफ गार होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब, म्हणजेच ढग. मुलीला लांब उभं करून दाखवा, स्वयंपाकघरातच ढग कसा होतो ते तिला दिसेल.

आता ढग वर कसा राहतो. त्यातले थेंब इतके बारीक असतात, साधारण ०.०२ मिलिमीटर, की ते खाली पडतच असतात पण अगदी हळू, आणि खालून वर चढणारी हवा त्यांना सावरून धरते. उन्हाच्या तिरिपेत घरातली धूळ तरंगताना दिसते ना, ती पण खाली बसते पण किती वेळ घेते. तसंच. म्हणून ढग म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी नाही, भोक पडायचा प्रश्नच नाही. हे बारीक थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि हवेला पेलेनासे झाले की पडतात. पावसाचा एक साधा २ मिलिमीटरचा थेंब व्हायला ढगातले तसले सुमारे १० लाख थेंब लागतात. आणि हलका दिसतो म्हणून ढगाला वजन नसतं असं नाही हं. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि उंच असा साधा पांढरा ढग घेतला तर त्यात साधारण ५ लाख किलो पाणी असतं, म्हणजे शंभर मोठे हत्ती. फक्त ते इतकं बारीक होऊन इतक्या मोठ्या जागेत पसरलेलं असतं की तरंगतं. मुलांना हत्ती फार आवडतात या गोष्टीतले.

तुम्ही धायरीला आहात म्हणजे सिंहगड हाकेवर आहे. जुलैत गडावर धुकं म्हणून जे असतं तो ढगच असतो. तिला तिथे घेऊन जा आणि ढगात उभी करा. केसांवर, पापण्यांवर, स्वेटरच्या लोकरीवर बारीक बारीक थेंब बसतात, पाऊस पडत नसतानाही माणूस ओला होतो. ढगात हात घातला तर हाताला काहीच लागत नाही पण हात ओला होतो, हे एकदा अंगावर घेतलं की कापसाचा ढग डोक्यातून निघून जातो.

मुठाकाठचा

पुण्याच्या ढगात पाणी कुठून येतं याचं उत्तर मी माझ्या मुलाला नकाशावर दाखवलं होतं, तो तेव्हा सात वर्षांचा होता. तुमच्या मुलीचं आजोळ अलिबागला आहे ही तर फारच चांगली गोष्ट आहे कारण पाणी तिच्याच आजोळहून येतं! पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून वाहतो, अरबी समुद्रावरून ओली हवा घेऊन येतो, ती कोकण ओलांडते आणि सह्याद्रीला आडवी येते. वाऱ्याला डोंगर चढावा लागतो, वर गेला की गार होतो, आणि गार ग्लासावर जे होतं तेच तिथे होतं, फक्त ग्लासाच्या जागी अख्खा घाट. म्हणून ताम्हिणीला पाऊस धोधो कोसळतो आणि डोंगर उतरून वारा पुण्यात येईपर्यंत त्यातलं बरंच पाणी सांडून गेलेलं असतं. ताम्हिणीच्या मानाने पुण्याला फार थोडा पाऊस, वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर. ताम्हिणीहून गाडी घेऊन पुण्याकडे आलं की तासाभरात वायपर बंद करावा लागतो, मुलाला मी तेच मोजायला लावलं होतं, कुठे फास्ट, कुठे स्लो, कुठे बंद. पिरंगुटपर्यंत आलो तर काचेवर थेंब नव्हता.

आता खरी गंमत पुढे आहे. आपल्याला वाटतं पाणी समुद्रातून आलं आणि त्याच समुद्रात परत गेलं, चार्टमध्ये एकच समुद्र असतो ना. पण मुठेचं पाणी संगम पुलाजवळ मुळेला मिळतं, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीच्या धरणात, तिथून पंढरपूरला, तिथे तिला चंद्रभागा म्हणतात, मग सोलापूर जिल्ह्यातून कर्नाटकात, रायचूरच्या बाजूला कृष्णेत, आणि कृष्णा आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे पाणी आलं पश्चिमेच्या समुद्रातून आणि निघालं पूर्वेच्या समुद्राकडे, अख्खं दख्खन पार करून. घाटमाथा अलिबागच्या समुद्रापासून फार लांब नाही पण थेंब माथ्याच्या या बाजूला पडला की त्याला पंढरपूरवरूनच जावं लागतं. माझ्या मुलाने विचारलं होतं, म्हणजे पाणीपण वारीला जातं? मी म्हटलं हो, आणि त्यात चुकीचं काही नाही.

अपवाद पण आहे. मुळशी धरणाचं बरंचसं पाणी बोगद्याने पश्चिमेला उतरवून भिऱ्याला वीज करतात, ते कुंडलिकेतून परत कोकणात आणि अरबी समुद्रात जातं. मोठी झाली की सांगा.

आणि सगळं पाणी समुद्रापर्यंत पोचतच नाही हे पण सांगा. वाटेत उसाने पिऊन पानांतून हवेत सोडलं, उजनीवरून उन्हाने उडालं, कुणाच्या दोरीवरच्या साडीतून सुकलं. एकच मोठं गोल असं नाही, गोलात गोल असतात.

सदाशिव_पेठ_३०

सगळ्यांचं बरोबर आहे पण सहा वर्षांच्या मुलीला रायचूर आणि १० लाख थेंब कशाला? या वयात सूर्य, ढग, पाऊस, नदी एवढं चित्र डोक्यात बसलं तरी खूप झालं असं मला मनापासून वाटतं. आमच्या मुलीवर आम्ही सगळ्या विषयांचा असाच मारा केला आणि ती प्रश्न विचारायचीच बंद झाली. जेवढं विचारलंय तेवढंच सांगा ही विनंती.

खडू_फळा

तुमचं म्हणणं मला पटतं आणि हा अनुभव तुम्ही इथे सांगितलात ते फार बरं केलंत. एका दिवशी एक गोष्ट, आणि ती पण मुलीने विचारली तर. रायचूर नकाशावर बोट फिरवायला आहे, पाठ करायला नाही. पण तिने तिसरा प्रश्न स्वतःहून विचारलाय, त्याला सूर्य-ढग-पाऊस एवढं उत्तर पुरणार नाही, ती परत येऊन तेच विचारेल.

धायरीची_आई

बाई, काल ग्लासाचं केलं!! अगदी तुम्ही सांगितलं तसंच झालं. आधी म्हणाली ग्लास गळतोय. मग रुमाल दिला, पुसलं, रुमाल उलटसुलट करून पाहिला, मग ग्लास डोक्यावर उचलून खालून भोक शोधलं, थोडं सरबत अंगावर सांडलं. बोट चाटून म्हणाली, हे नुसतं पाणी आहे, हे माझं सरबत नाहीये. मग बराच वेळ काही बोलली नाही. मी पण गप्प राहिले, खरंच अवघड जातं. आणि मग हळूच विचारलं, हे आत्ता माझ्या नाकापाशीपण आहे का? मी हो म्हटलं तर श्वास आत ओढून हसायला लागली.

ताटली गॅलरीत ठेवलीये, रोज सकाळी शाळेत जायच्या आधी बघते. शनिवारी सिंहगडचा बेत आहे. पण नळाचं अजून राहिलंय, ते कुणीतरी सांगा.

पाटकरी_काका

ताई, तुमचा धागा माझ्या सुनेने दाखवला म्हणून लिहितोय. मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, धरणाच्या पाण्याची नोंद ठेवायचं काम बरीच वर्षं केलं. तुमच्या लेकीचा प्रश्न मोठमोठ्या माणसांनी विचारायला हवा असा आहे.

तिला असं सांगा की तू म्हणतेस ते खरं आहे, पाणी जगातून संपत नाही. ते आपल्या धरणातून संपतं. धरण म्हणजे पुण्याचा माठ. माठ भरणारा पाऊस वर्षातून फक्त चार महिने येतो आणि माठातून आपण बारा महिने पितो. आज तू बेसिनमध्ये सोडलेलं पाणी परत येईल, पण ते आधी गटारात, मग नदीत, मग उजनीकडे, मग कुठल्यातरी हवेत, आणि पाऊस होऊन पडेल तेव्हा कुठे पडेल ते आपल्या हातात नाही, ते दुसऱ्याच गावात पडेल, समुद्रावरच पडेल. हवेत गेलेलं पाणी सरासरी नऊ-दहा दिवसांत कुठेतरी पडतं, पण तुझ्याच नळाला येईल असं नाही. पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागतं, आणि जूनला पाऊस आला तरी धरणं भरायला जुलै-ऑगस्ट लागतो.

मोठ्यांसाठी पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांत किती मावतं त्याचे आकडे देतो. पानशेत १०.६५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७, सगळे मिळून २९.१५. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ २८३१ कोटी लिटर. ऐकायला खूप वाटतं, पण हे एकट्या शहराचं नाही, खडकवासल्याच्या कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती आहे. एप्रिल-मे महिन्यात धरणावरून नुसत्या उन्हाने किती पाणी उडतं ते आम्ही रोज मोजायचो, त्यासाठी एक मोठं उघडं पातेलंच ठेवलेलं असतं, सकाळी पातळी बघायची, किती उतरली ते लिहायचं. तुमच्या बाईंनी डबक्याची रेघ सांगितली ना, अगदी तेच काम मला सरकार पगार देऊन करायला लावत होतं, आणि ते मी फार प्रेमाने केलं.

दुसरं, सगळं पाणी पिण्याचं नसतं. वीस लिटरची बादली घ्या आणि ती भरून सांगा, हे जगातलं सगळं पाणी. त्यातलं अर्धा लिटर बाजूला काढा, बादलीत राहिलं ते खारट किंवा मचूळ. त्या अर्ध्या लिटरमधलं निम्म्याहून जास्त बर्फ आहे, ध्रुवांवर आणि हिमालयात, उरलेलं बहुतेक जमिनीत खोल. नद्या आणि गोड्या तळ्यांच्या वाट्याला जे येतं त्याने छोटा चमचासुद्धा भरत नाही. तो चमचा तिच्या हातात द्या. बाकी काही बोलू नका. बादलीतलं पाणी नंतर झाडांना घाला म्हणजे झालं.

आणि तुमच्याकडे बोअर असेल तर तेही सांगा की जमिनीतलं पाणी फार सावकाश फिरतं. आपल्याकडे खाली काळा दगड, त्याला जिथे भेगा तिथेच पाणी मुरतं. वर सगळं सिमेंट केलं की पाऊस मुरायच्या आत गटाराला लागतो. तुमच्या सोसायटीची टेरेस हजार स्क्वेअर फूट जरी धरली तरी ७०० मिलिमीटर पावसात तिच्यावर ६५ हजार लिटर पाणी पडतं, हिशोब सोपा आहे, एक स्क्वेअर मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. साडेसहा मोठे टँकर झाले की हो. ते बोअरच्या खड्ड्यात सोडता येतं. लेकीला घेऊन टेरेसचे पाइप कुठे जातात ते एकदा बघून या, तिला आवडेल.

मुठाकाठचा

काका, साष्टांग नमस्कार. टेरेसच्या पाइपाचं आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडतो या रविवारी, हिशोब तुमचाच वापरतो.

ढगाळ_हवा

काका, ते उघडं पातेलं वेधशाळेतपण असतं, आम्ही शिकताना त्याच्यावर जाळी टाकायचो कारण कावळे येऊन पाणी प्यायचे आणि रीडिंग चुकायचं. तुमच्याकडे कोण यायचं?

पाटकरी_काका

माकडं. आणि एकदा म्हैस.

धायरीची_आई

सगळ्यांना, विशेष करून काकांना, किती धन्यवाद देऊ कळत नाहीये. शनिवारी गडावर जाऊन आलो. पुणे दरवाजाच्या आधीच ढग लागला, समोरचा माणूस दिसेना. हिने दोन्ही हात पसरले आणि तोंड उघडून ढग खायला लागली, तिच्या भुवयांवर पांढरे बारीक मणी बसले होते, ते मी फोनवर जवळून काढून तिला दाखवले. देवटाक्यापाशी विचारलं, हे टाकं ढगानेच भरतं का, म्हटलं बहुतेक पावसाने, तर म्हणाली एकच आहे ते. पिठलं-भाकरी खाताना मटक्यातल्या दह्याच्या बाहेर बोट फिरवून बघत होती ओलं आहे का. उतरताना खडकवासल्याला थांबलो आणि सांगितलं हा आपला माठ. अजून बराच रिकामा आहे म्हणाली, आणि खरंच होता.

बादलीचं रविवारी केलं. चमचा हातात दिला आणि काकांनी सांगितलं तसं काहीच बोलले नाही. तिने तो चमचा आडवा न करता, दोन्ही हातांनी धरून, पावलं मोजत गॅलरीतल्या तुळशीपर्यंत नेला. एक थेंब दारातच सांडला त्यावर रडायला आलं होतं, मग स्वतःच म्हणाली, तो हवेत जाईल, जाऊ दे.

मिठाची ताटली आज सकाळी सुकली. कडेला पांढरे चौकोनी खडे जमलेत, तिने चाखून बघितलं आणि शाळेत डब्यात घालून घेऊन गेलीये बाईंना दाखवायला. आता नवीन प्रश्न आलाय, समुद्रात पहिल्यांदा मीठ कोणी टाकलं?